ऋण संख्यांचा भागाकार आणि सरासरी : मुलं नेमकी कुठे अडतात

नागपूरहून एका आईने विचारलं आहे : मुलगी सातवीत, सेमी इंग्लिशला आहे. (−४८) ÷ (−६) सारखी उदाहरणं ती पटापट सोडवते. पण −१२, ७, −५, ०, −९, ४, −६ या सात संख्यांची सरासरी काढायला दिली की दर वेळी उत्तर बदलतं. एकदा ६.१४ आलं, एकदा −३.५, एकदा −१.२५. शिवाय ‘वजाला वजाने भागलं तर अधिक का येतं?’ असं ती विचारते आणि घरात कुणाला ते समजावून सांगता येत नाही.

ताई, ती तीनही उत्तरं खोडून टाकू नका. बरोबर उत्तर −३ आहे, पण चुकलेल्या प्रत्येक उत्तरावरून चूक कुठे झाली ते थेट कळतं.

६.१४ म्हणजे ४३ ÷ ७. आणि ४३ म्हणजे १२ + ७ + ५ + ० + ९ + ४ + ६. चिन्हं गेली, नुसत्या संख्यांची बेरीज झाली. −३.५ म्हणजे −२१ ÷ ६. इथे बेरीज बरोबर आहे, पण शून्य मोजायचं राहिलं आणि सातऐवजी सहाने भागलं. −१.२५ जरा आडवळणाचं आहे : धन संख्यांची वेगळी सरासरी काढली (११ ÷ २ = ५.५), ऋण संख्यांची वेगळी (−३२ ÷ ४ = −८), शून्य दोन्हीकडून वगळलं आणि मग ५.५ व −८ यांची मिळून सरासरी काढली.

आता नीट पाहा, तीनही वेळा भागाकार अचूक आहे. म्हणजे मुलीला भागाकार येतो. तिचं गणित भागाकारापर्यंत पोचायच्या आधीच बिघडतं, त्यामुळे भागाकाराची आणखी पन्नास उदाहरणं सोडवून घेतली तरी हे सुधारणार नाही.

चिन्हं जाण्यामागे बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसतो. ‘मायनस मायनस प्लस’ हे घोकलेलं वाक्य त्याला कारणीभूत असतं. या वाक्यात क्रियाच नाही. दोन वजा संख्यांचं काय केलं म्हणजे अधिक येतं, हे ते सांगत नाही. मग मूल −१२ आणि −५ शेजारी शेजारी पाहतं आणि १७ लिहितं, −९ आणि −६ पाहून १५ लिहितं, त्यात ७ आणि ४ मिळवतं : १७ + १५ + ११ = ४३. तोच ४३ पुन्हा आला. हे वाक्य घरातून काढून टाका आणि त्याऐवजी पूर्ण वाक्यं म्हणायला लावा. ‘वजा संख्येला वजा संख्येने गुणलं किंवा भागलं तर उत्तर अधिक.’ ‘वजा संख्येत वजा संख्या मिळवली तर उत्तर आणखी वजा.’ ‘वजा संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची.’ आणि एकाच जोडीवर तीनही क्रिया एकाखाली एक करून घ्या :

(−१२) + (−५) = −१७
(−१२) − (−५) = −७
(−१२) × (−५) = ६०

संख्या त्याच, चिन्हं तीच, उत्तरं तीन तऱ्हेची. अशा सात-आठ जोड्या झाल्या की कोणता नियम कोणत्या क्रियेचा हे मुलाच्या मनात वेगळं होतं.

वजाला वजाने भागलं तर अधिक का

भागाकार हा गुणाकाराचा उलटा प्रश्न आहे. (−४८) ÷ (−६) म्हणजे ‘−६ ला कितीने गुणलं की −४८ येतील?’ −८ ने गुणून पाहा : (−६) × (−८) = ४८, म्हणजे चालत नाही. ८ ने गुणा : (−६) × ८ = −४८. बसलं. म्हणून उत्तर ८. बाकीच्या प्रकारांनाही हाच प्रश्न लावा. (−४८) ÷ ६ : ६ ला −८ ने गुणावं लागतं. ४८ ÷ (−६) : −६ ला −८ ने गुणावं लागतं. चिन्हांचा नियम इथून निघतो, तो वेगळा पाठ करण्याची गरज नाही. शिवाय हाच प्रश्न उत्तराचा पडताळाही असतो : भाजक × भागाकार = भाज्य. उत्तर लिहिलं की एकदा उलटं गुणायचं, ही सवय चौथीत लागलेली असते. ऋण संख्या आल्या की ती सुटते, आणि खरी गरज तेव्हाच असते.

मूल इथे पुढचा प्रश्न विचारेल : (−६) × (−८) तरी ४८ का? एक ओळ लिहून दाखवा. (−६) × २ = −१२, (−६) × १ = −६, (−६) × ० = ०. गुणक एकाने उतरला की उत्तर सहाने चढतं. मग (−६) × (−१) ला ६ यावेच लागतात, (−६) × (−२) ला १२. थोडं पुढचं मूल असेल तर त्याला कारण आणखी पक्कं सांगता येतं : (−६) × [८ + (−८)] = ०, कारण कंसात शून्य आहे. कंस उघडला की (−४८) + (−६) × (−८) = ०. −४८ मध्ये जे मिळवल्यावर शून्य होतं ते ४८च. बेरजेचे आणि गुणाकाराचे नेहमीचे नियम ऋण संख्यांनाही लागू ठेवायचे असतील तर दुसरं उत्तर शक्यच नाही.

पैशांचं उदाहरण जवळजवळ प्रत्येक घरात दिलं जातं, आणि ते चांगलंही आहे, पण ते अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देतं. ४८ रुपयांचं कर्ज सहा जणांत वाटलं तर प्रत्येकावर ८ रुपये कर्ज : (−४८) ÷ ६ = −८. सहा-सहा रुपयांची कर्जं किती मिळून ४८ चं कर्ज होतं? आठ : (−४८) ÷ (−६) = ८. पण ४८ ÷ (−६) चं काय? ४८ रुपये जमा ‘वजा सहा जणांत’ कसे वाटणार? इथे उदाहरण मोडतं, आणि मूल गोंधळलं तर ते बरोबरच असतं.

चारही प्रकार एकाच गोष्टीत बसवायचे असतील तर शीतगृह घ्या. कळमना बाजाराच्या बाजूला माल ठेवायची शीतगृहं असतात, हे नागपूरच्या मुलांना नवीन नाही. समजा खोलीचं तापमान आत्ता बरोबर ० अंश आहे आणि ते दर तासाला २ अंशांनी उतरतं आहे, म्हणजे बदल ताशी −२. −८ अंश कधी होईल? (−८) ÷ (−२) = ४, म्हणजे चार तासांनी. ८ अंश कधी होतं? ८ ÷ (−२) = −४, म्हणजे चार तासांपूर्वी. आता यंत्र बंद पडलं असं समजा, तापमान ताशी २ ने चढतं आहे आणि आत्ता ० आहे. ८ अंश होईल ८ ÷ २ = ४ तासांनी. −८ होतं (−८) ÷ २ = −४, म्हणजे चार तासांपूर्वी. उत्तरातलं ऋण चिन्ह ‘आधी’ असं सांगतं. कर्जात न बसणारा चौथा प्रकार इथे सहज बसतो, म्हणून समजावताना शीतगृहापासूनच सुरुवात केलेली बरी.

धन आणि ऋण या भाषेत भागाकाराचे हे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवले आहेत : धनाला धनाने किंवा ऋणाला ऋणाने भागलं तर धन, दोन्ही भिन्न असतील तर ऋण. त्याने शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असंही लिहिलं. ते मात्र आज मान्य नाही. शून्याचं एवढंच लक्षात ठेवायचं : ० ÷ (−६) = ०, आणि (−६) ÷ ० ला अर्थ नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी −६ येत नाहीत.

बाकी उरते तेव्हा

पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यावर पूर्णांकच येईल असं नाही, आणि सरासरीच्या उदाहरणांत हे सतत घडतं. मुलं (−५०) ÷ ६ करताना आधी ५० ÷ ६ करतात, ८ भाग आणि २ बाकी काढतात, आणि शेवटी पुढे वजा लावून लिहितात : ‘भागाकार −८, बाकी २’. उलटं गुणून पाहा : ६ × (−८) + २ = −४६. −५० नाही. चिन्ह भागाकाराला लावलं तर बाकीलाही लागतं : ६ × (−८) + (−२) = −५०. सहावी-सातवीत ऋण संख्येची बाकी लिहूच देऊ नका. उत्तर अपूर्णांकात लिहायला सांगा : −५०/६ = −२५/३.

हाच अपूर्णांक पूर्णांकयुक्त लिहिला की −८ पूर्णांक १/३. याचा अर्थ ८ आणि १/३ या दोघांनाही वजा, म्हणजे −८ − १/३. काही मुलं ते −८ + १/३ समजून दशांशात −७.६७ लिहितात. बरोबर −८.३३ आहे. संख्यारेषेवर ही संख्या −८ च्या डावीकडे आहे, हे एकदा बोट ठेवून दाखवलं की पुरतं.

ऋण चिन्ह अंशाला लावा, छेदाला लावा किंवा पूर्ण अपूर्णांकापुढे लावा, किंमत तीच राहते. लिहिताना मात्र छेद धन ठेवायचा.

सरासरी कशी काढायची

आता तिचंच उदाहरण. पेन्सिल हातात घेतल्यावर पहिलं काम बेरीज नसून मोजणी आहे. प्रत्येक संख्येखाली टिंब द्यायचं, शून्याखालीही, आणि टिंबं मोजून उजव्या कोपऱ्यात लिहायचं : ७. आधी बेरीज केली की शून्य विसरतं, कारण बेरजेत त्याने काहीच बदललेलं नसतं. शून्य हीसुद्धा एक नोंद आहे. सात दिवसांपैकी एका दिवशी नफाही नाही आणि तोटाही नाही, तरी तो दिवस धरावाच लागतो.

मग दोन गठ्ठे करायचे. ऋण संख्या : १२ + ५ + ९ + ६ = ३२, म्हणून −३२. धन संख्या : ७ + ४ = ११. दोन्ही एकत्र : −३२ + ११ = −२१. डावीकडून उजवीकडे एकेक संख्या मिळवत गेलं तर सहा वेळा चिन्ह ठरवावं लागतं, गठ्ठे केल्यावर एकदाच. घाईत चुकणाऱ्या मुलाला हा फरक फार मोठा पडतो. मात्र गठ्ठे फक्त बेरजेसाठी. गठ्ठ्यांच्या वेगळ्या सरासऱ्या काढल्या की −१.२५ येतं.

शेवटी −२१ ÷ ७ = −३.

मांडणीत आडवी रेघ मारून वर पूर्ण बेरीज आणि खाली ७ असंच लिहायला लावा. ती रेघ कंसाचं काम करते. सगळं एका ओळीत ‘−१२ + ७ − ५ + ० − ९ + ४ − ६ ÷ ७’ असं लिहिलं तर कंचेभागुबेव प्रमाणे आधी ६ ÷ ७ होतं आणि उत्तर सुमारे −१५.८६ येतं. मोबाइलचं कॅल्क्युलेटर बहुधा हेच दाखवेल. दुकानातलं साधं कॅल्क्युलेटर क्रमाने पुढे जातं, म्हणून त्यावर −३ येईल. एकच ओळ, दोन यंत्रं, दोन उत्तरं. बेरजेनंतर ‘बरोबर’ची कळ दाबून मग भागायला सांगा.

उत्तर तपासायचं कसं

पहिली तपासणी नजरेची. सरासरी सर्वांत लहान संख्येपेक्षा लहान किंवा सर्वांत मोठीपेक्षा मोठी असूच शकत नाही. इथे −१२ आणि ७ यांच्यामध्ये ती हवी. −१५.८६ लगेच बाद होतं. पण या तपासणीतून ६.१४ सुटतं, कारण ते ७ च्या आत आहे. इथे थोडा विचार लागतो : सातपैकी चार संख्या ऋण, त्यांचा गठ्ठा ३२ चा, धन गठ्ठा ११ चा. उत्तराला ऋण यावंच लागेल. भागणारी संख्या नेहमी धन असते, कारण ती मोजणी आहे. म्हणून सरासरीचं चिन्ह तेच असतं जे बेरजेचं असतं. सरासरीत ‘वजाला वजाने भागणं’ कधीच येत नाही. हे एक वाक्य मुलीला सांगितलंत तर तिची निम्मी धाकधूक जाईल.

दुसरी तपासणी पक्की आहे. प्रत्येक संख्या सरासरीपासून किती दूर आहे ते चिन्हासकट काढा आणि बेरीज करा. ती शून्य यायलाच हवी. सरासरी −३ धरून प्रत्येक संख्येतून −३ वजा करायचे, म्हणजे ३ मिळवायचे :

−१२ → −९
७ → १०
−५ → −२
० → ३
−९ → −६
४ → ७
−६ → −३

ऋण बाजूला ९ + २ + ६ + ३ = २०, धन बाजूला १० + ३ + ७ = २०. जुळलं. सरासरी म्हणजे काय हेही इथेच दिसतं : तिच्या वरच्या संख्यांचं एकूण अंतर आणि खालच्या संख्यांचं एकूण अंतर सारखं असतं. सूत्रापेक्षा हे आधी कळलं तर जास्त टिकतं. परीक्षेत दर वेळी एवढी तपासणी करायला वेळ नसतो, पण घरी सराव करताना दोन-तीन उदाहरणांत तरी करावी.

हे सगळं लागतं कुठे

नागपुरात थंडी कडक पडली तरी पारा शून्याखाली जात नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि ती मोठी बातमी झाली होती. म्हणून ‘−७ अंश तापमान’ हे उदाहरण इथल्या मुलाला लांबचं वाटतं. पण हवामानाच्या बातमीत ‘सरासरीपेक्षा इतक्या अंशांनी कमी’ असं रोज छापून येतं. तो फरक ऋण संख्या आहे, आणि ती मुलाच्या अगदी ओळखीची असते.

याच फरकांवरून मोठ्या संख्यांची सरासरी फार सोपी होते. समजा मे महिन्यातल्या एका आठवड्याची कमाल तापमानं गणितासाठी अशी घेतली : ४३, ४५, ४२, ४६, ४१, ४२, ४२. मनात ४४ धरा. फरक : −१, १, −२, २, −३, −२, −२. बेरीज −७, भागिले ७ म्हणजे −१. सरासरी ४४ + (−१) = ४३. सगळ्या संख्यांची सरळ बेरीज ३०१ येते, आणि ३०१ ÷ ७ = ४३. ४४ ऐवजी ४० किंवा ५० धरलं तरी उत्तर तेच यायला हवं. हे मुलीला स्वतः करून पाहू द्या, पन्नास धरल्यावर सगळे फरक ऋण येतात आणि सराव आपोआप होतो. दहावीच्या सांख्यिकीत हीच रीत ‘गृहीतमध्य पद्धत’ म्हणून येते.

सरासऱ्यांची सरासरी काढण्याची चूक मोठी माणसंही करतात. कळमन्यातल्या संत्र्यांच्या एका व्यापाऱ्याला दोन दिवस रोज सरासरी ४०० रुपये तोटा झाला आणि सहा दिवस रोज सरासरी २०० रुपये नफा झाला असं समजा. −४०० आणि २०० यांची सरासरी −१००, म्हणजे तोटा? नाही. एकूण : २ × (−४००) + ६ × २०० = −८०० + १२०० = ४००. आठ दिवस. सरासरी रोज ५० रुपये नफा. आकडा तर चुकलाच, चिन्हसुद्धा उलटं झालं. गट लहान-मोठे असले की प्रत्येक गटाची एकूण बेरीज परत काढावी लागते, दुसरा रस्ता नाही.

परीक्षेत हमखास येणारा आणखी एक प्रकार : पाच संख्यांची सरासरी −४, त्यांपैकी चार −१०, ३, −१, २, तर पाचवी कोणती? पाच संख्यांची बेरीज ५ × (−४) = −२०. चारांची बेरीज −६. पाचवी = −२० − (−६) = −१४. इथे −२६ आलं तर शेवटची वजाबाकी चुकली आहे. सरासरीचा भाग नीट झाला आहे.

बेरीज शून्य आली तर सरासरीही शून्य. ते पूर्ण उत्तर आहे. कित्येक मुलं जागा कोरी सोडतात किंवा ‘उत्तर नाही’ लिहितात.

घरी द्यायला काही उदाहरणं

एका वेळी पाचपेक्षा जास्त देऊ नका, आणि प्रत्येकाचा पडताळा लिहून घ्या.

(−९१) ÷ (−७). (−३७) ÷ ५ पूर्णांकयुक्त अपूर्णांकात. −१५, ६, ०, −११, ५ यांची सरासरी. −८, −८, −८, −८ यांची सरासरी, बेरीज न करता. आणि : सहा संख्यांची सरासरी −२ आहे, सातवी संख्या मिळवल्यावर सरासरी −३ झाली, तर सातवी संख्या कोणती?

उत्तरं क्रमाने १३, −७ पूर्णांक २/५, −३, −८ आणि −९. तिसऱ्यात −३.७५ आलं तर शून्य सुटलं आहे. पाचव्यात −२१ − (−१२) करायचं असतं. −३३ आलं तर ‘वजा संख्या वजा करणं’ अजून कच्चं आहे, सरासरी बाजूला ठेवून आधी दोन दिवस तेवढ्याच वजाबाक्या द्या.